बेळगावहून पंढरपूर ते गाणगापूर: भाड्याची गाडी ठरवताना

पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि गाणगापूर एकाच फेरीत करायचं, हे आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात कित्येक वर्षं नुसतं बोलणंच होतं. या फेब्रुवारीत ते पार पडलं. दर्शनाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी गाडीविषयी लिहिते आहे, कारण सगळ्यात जास्त धास्ती मला त्याचीच होती. म्हातारी माणसं बरोबर, दोन राज्यांची हद्द ओलांडायची आणि फोनवर प्रत्येक जण वेगळाच हिशेब सांगणार. आमच्यासारखं कुणी जायच्या तयारीत असेल तर त्याला हा खटाटोप थोडा सोपा व्हावा.

आम्ही सहा जण: सासूबाई, मामंजी, सासूबाईंची धाकटी बहीण, आम्ही दोघं आणि बारा वर्षांचा मुलगा. आधी बसचा विचार केला. कर्नाटकात जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट नाही, पण ते राज्याच्या हद्दीपुरतंच. शिवाय प्रत्येक गावी बस बदलायची, स्टँडवर बॅगा सांभाळत बसायचं. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं, म्हणून गाडीच करायची ठरली.

पहिला फोन मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लावला. "अधिवेशन चाललंय की ओ ताई, गाड्या सगळ्या तिकडं लागल्यात," एवढंच उत्तर मिळालं. हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरलं की आमदार, अधिकारी आणि त्यांची माणसं शहरात येतात. त्या दिवसांत लॉजही मिळत नाही आणि चांगली गाडीही. एखादी मिळालीच तर दर चढा. बेळगावात राहणाऱ्यांनी डिसेंबरमध्ये लांबची गाडी करायची असेल तर आधी अधिवेशनाच्या तारखा बघाव्यात. जानेवारीत संक्रांत, मग 26 तारखेला जोडून सुट्ट्या, मग पंढरपूरची माघी. गर्दी आणि दर दोन्ही टाळायचे म्हणून आम्ही फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला. मावशींना गुरुवार गाणगापुरातच हवा होता, त्यामुळे मंगळवार 10 ते गुरुवार 12 फेब्रुवारी अशा तारखा निघाल्या.

तारखा अशा सहज निघाल्या असं वाटेल, पण सुरुवातीला बेत चार दिवसांचा होता. तो तीन दिवसांवर आला तो हिशेबामुळे, आणि या सगळ्यातला कळीचा भाग तोच आहे.

बाहेरगावच्या गाडीचं भाडं धरायची आपल्याकडची पद्धत अशी: किलोमीटरला अमुक दर, आणि दिवसाला 250 किंवा 300 किलोमीटर मिनिमम. गाडी दिवसभर देवळाबाहेर उभी राहिली तरी तेवढ्या किलोमीटरचे पैसे द्यायचे. त्यावर ड्रायव्हरचा बाटा, म्हणजे त्याचा रोजचा भत्ता, वेगळा, टोल आणि पार्किंग वेगळं. मी नकाशावर आमचा रस्ता मोजला. बेळगाव ते पंढरपूर चिक्कोडी-मिरजेवरून अडीचशेच्या आसपास, पुढे सोलापूर 75, तिथून तुळजापूर 45, परत सोलापूर, मग अक्कलकोट 40, गाणगापूर 75, आणि विजापूरवरून घरी 340. गावातलं फिरणं धरून साधारण 900. चार दिवस घेतले तर 300 च्या मिनिममने 1200 किलोमीटरचे पैसे जाणार होते. म्हणजे न चाललेल्या 300 किलोमीटरचे पैसे आमच्या खिशातून. तीन दिवसांत तीच फेरी बसवली तर 900 चे पैसे आणि 900 चाच रस्ता.

म्हणून सगळ्यात आधी वहीत रस्ता मोजा आणि मगच फोन लावा. दर विचारायची घाई करू नका.

पहिला ट्रॅव्हल्सवाला स्टेशनजवळचा. अर्टिगा, किलोमीटरला 13 रुपये, मिनिमम 300, बाटा 400. ऐकायला सगळ्यात स्वस्त. मी एकेक प्रश्न विचारत गेले तसं एकेक कलम बाहेर आलं. किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजायचे, आणि गॅरेज काकतीला. म्हणजे वडगावात गाडी येऊन परत जाईपर्यंत 25 किलोमीटर, 325 रुपये, आमच्याच खात्यावर. दिवस रात्री 12 ला बदलणार. महाराष्ट्राचा बॉर्डर टॅक्स वेगळा, "तो किती येईल तो त्या वेळेला बघू." दुसरा गोवावेसजवळचा: दर 15, पण मिनिमम 250, बाटा तेवढाच. तिसरा ओळखीतून कळलेला, स्वतःच्या गाड्या असलेला: दर 14, मिनिमम 300, बाटा 400.

वहीत मांडल्यावर चित्र असं दिसलं. चार दिवसांना पहिल्याचे 17,200 आणि दुसऱ्याचे 16,600. 13 वाला 15 वाल्यापेक्षा महाग! तीन दिवसांना मात्र उलट: पहिल्याचे 12,900, दुसऱ्याचे 14,700, तिसऱ्याचे 13,800. दर तेच, गाड्या त्याच, फक्त दिवस बदलले की स्वस्त-महाग बदलतं. "कोण स्वस्त देतो?" असं शेजारी विचारून उपयोग नाही तो म्हणून. त्यांचा रस्ता वेगळा, त्यांचे दिवस वेगळे.

मधल्या काळात यांच्या ओळखीतून आणखी एक निरोप आला. कुणाचीतरी घरची सात सीटर गाडी, 11 रुपयांनी, मालकच चालवायला. मामंजींना पसंत पडली होती, पैसेही वाचत होते. मी नको म्हटलं आणि त्यावरून घरात थोडी बोलाचाली झाली. गाडीची पाटी पांढरी होती. भाड्याच्या टॅक्सीला पिवळ्या पाटीवर काळे आकडे असतात आणि आपण स्वतः चालवायला भाड्याने घेतो त्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे. पांढरी पाटी म्हणजे खाजगी वापराची गाडी. तिचा विमा भाड्याच्या वापरासाठी नसतो. वाटेत काही झालं तर विमा कंपनी त्याच मुद्द्यावर दावा नाकारू शकते. तपासणीत अडवलं तर म्हाताऱ्यांना घेऊन रस्त्यात उभं राहायचं ते वेगळंच. पैसे वाचवायची जागा ती नाही, असं मी मामंजींना शांतपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्या माणसाला नको म्हणून कळवलं.

स्वतः चालवायची गाडी घ्यावी असं यांच्या मनात होतं. तिथे दिवसाचं भाडं कमी दिसतं, पण अनामत मोठी, किलोमीटरला मर्यादा, पेट्रोल आपलं, आणि ओरखडा पडला तर वाद. तरुण जोडप्याने चोर्ला घाटातून दोन दिवस गोव्याला जाऊन यायला ती ठीक. आम्हाला देवळाच्या दारात माणसं उतरवून गाडी लांब लावायची होती, रांगेत सगळ्यांनी असायचं होतं. त्यासाठी ड्रायव्हर हवाच.

मग प्रश्न राहिला अर्टिगा की इनोव्हा. इनोव्हा क्रिस्टाचा दर 19 होता, म्हणजे 900 किलोमीटरला 4,500 जास्त. अर्टिगा सात सीटर म्हणतात, पण ड्रायव्हर धरून. आमची सहा माणसं बरोबर बसतात, सामानाचं काय ते विचारावं लागतं. मागची सीट उघडली की डिकीत जागा फारच थोडी राहते. त्यात गाडी सीएनजीवर असेल तर टाकी डिकीतच असते. हे मला तिसऱ्या माणसाने आपणहून सांगितलं, आणि तिथेच त्याच्याविषयी विश्वास वाटला. "सामान कॅरियरवर टाकूया, वर ताडपत्री बांधून देतो. कडक सुटकेस आणू नकासा, कापडी पिशव्या आणा." मागच्या सीटवर मी आणि मुलगा बसणार, म्हातारी माणसं मधे, असं ठरवून अर्टिगा नक्की केली. तुमच्यात उंच किंवा गुडघेदुखीची चौथी व्यक्ती असेल तर मात्र इनोव्हाच घ्या. तिथे काटकसर करू नका.

पहिल्यापेक्षा तिसऱ्याचे 900 रुपये जास्त होते, तरी मी त्यालाच पक्कं केलं. त्याच्याकडे ऑल इंडिया टुरिस्ट परमिट होतं. ही पद्धत 2021 पासून देशभर लागू झाली. अशा गाडीला परमिटची फी एकदा भरली की प्रत्येक राज्याच्या हद्दीवर वेगळा कर भरावा लागत नाही. आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसाला हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपली गाडी महाराष्ट्राकडे किंवा गोव्याकडे निघाली की तासा-दीड तासात दुसऱ्या राज्यात शिरते. आमच्या फेरीत तर कर्नाटकातून महाराष्ट्र आणि परत कर्नाटक होतं. "परमिट कोणतं आहे, मुदत कधीपर्यंत आहे?" हे विचारा आणि कागदाचा फोटो मागवा. मी फोटो मागितला तेव्हा पलीकडचा माणूस चिडला नाही, लगेच पाठवला. गाडीचा केए 22 चा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून फिटनेस, विमा आणि पीयूसीची मुदतही बघितली. दोन मिनिटांचं काम आहे.

घासाघीस मी दरावर केलीच नाही. ती कलमांवर केली. दिवस रात्री 12 ला न बदलता निघाल्या वेळेपासून 24 तासांचा धरायचा. किलोमीटर आमच्या दारापासून दारापर्यंत. रात्री 10 ते पहाटे 6 या वेळेचे 250 रुपये जादा असतात. आम्ही पहाटे 5 ला निघणार आणि शेवटच्या रात्री उशिरा पोचणार, ते दोन्ही माफ. जीएसटी दरातच धरायचा, शेवटी बिलावर 5 टक्के चढवायचे नाहीत. गॅस संपून गाडी पेट्रोलवर चालली तरी दर तोच. आणि आणखी एक, जे फक्त आपल्याकडेच विचारावं लागतं: सीमेवर काही झालं तर? डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती. फेब्रुवारी 2025 मध्ये दोन्ही राज्यांच्या बस बंद पडल्या होत्या. तेव्हा बंद किंवा तणावामुळे निघता आलं नाही तर ॲडव्हान्स पूर्ण परत किंवा दुसरी तारीख, हे मी लिहून घेतलं. आमच्या बाजूने बेत रद्द झाला तर 48 तास आधी कळवायचं. यातल्या एकाही गोष्टीला त्याने नाही म्हटलं नाही. दर मात्र एक रुपयाही कमी केला नसता, हे त्याने आधीच सांगितलं होतं.

हे सगळं व्हॉट्सॲपवर एकाखाली एक लिहून पाठवलं, त्यावर त्याचं "ओके ताई" आलं, आणि मग 28 जानेवारीला 3,000 ॲडव्हान्स यूपीआयने भरला. फोनवर ठरलेलं दहा दिवसांनी दोघांनाही नीट आठवत नाही. लिहिलेलं असलं की भांडायची वेळच येत नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी ड्रायव्हरमामांचा नंबर आला. मी गाडीचा नंबर पुन्हा विचारला, कारण ठरवलेली गाडी एक आणि दारात येते दुसरी असं होऊ शकतं. नंबर तोच होता.

10 तारखेला पहाटे 5 ला गाडी दारात. मीटरचा फोटो काढला, मामांना दाखवून. हत्तरगीचा टोल ओलांडून संकेश्वरला वळलो तेव्हा अजून अंधार होता. फेब्रुवारी म्हणजे ऊस हंगाम. चिक्कोडी ते मिरज रस्त्यावर दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मामा त्यांच्या मागे शांतपणे चालवत राहिले, उगाच ओव्हरटेक नाही. टॅक्सीला वेगनियंत्रक असल्याने ताशी 80 च्या वर ती जातही नाही. नकाशा दाखवतो त्यापेक्षा तास-दीड तास जास्त धरूनच बेत आखा. साडेदहाला पंढरपूर. रांग बेताची होती. संध्याकाळी निघून सोलापूरला मुक्काम.

मुक्कामाच्या जागी ड्रायव्हरची झोपायची सोय आहे का, हे लॉज ठरवतानाच विचारून ठेवलं होतं. बाट्यात त्यांचं जेवण येतं, झोपायचं येत नाही. बहुतेक जण गाडीतच आडवे होतात. सोलापूरच्या लॉजवर ड्रायव्हरांसाठी खोली होती. गाणगापूरला नव्हती, म्हणून धर्मशाळेत त्यांच्यासाठी 300 रुपयांत वेगळी खोली घेतली. दुसऱ्या दिवशी 340 किलोमीटर आमची सगळी माणसं त्यांच्या हातात होती. त्या 300 रुपयांबद्दल मामंजींनीही काही म्हटलं नाही, उलट जेवायला आधी त्यांना बोलावलं.

बुधवारी पहाटे तुळजापूर, परत सोलापूर, दुपारी अक्कलकोट, प्रसाद अन्नछत्रात, आणि अंधार पडायच्या आत गाणगापूर. सोलापुरात सीएनजीच्या रांगेत पाऊण तास गेला. पुढे पंप कमी आहेत, टाकी इथेच भरून घेतो, असं मामा म्हणाले, आणि ते योग्यच होतं. सीएनजीची गाडी असेल तर दिवसात हा वेळ बाजूला काढून ठेवा.

गुरुवारी सकाळी संगमावर जाऊन आलो. भीमा आणि अमरजेचं पाणी बऱ्यापैकी होतं. मावशींना दुपारी माधुकरी मागायची होती, त्यासाठीच तर गुरुवार धरलेला. हातात झोळी घेऊन त्या दारोदार गेल्या. सत्तरीतली बाई, पण चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्यांच्या घरच्या कार्यातही पाहिलं नव्हतं. मी मात्र घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही, कारण दिवस 24 तासांचा लिहून घेतला होता. रात्री 12 चं कलम असतं तर उशीर झाल्यास चौथा दिवस लागला असता, म्हणजे पहिल्या माणसाच्या हिशेबाने 4,300 रुपये. मग त्या झोळीमागे मी "चला, चला" करत फिरले असते. नुसत्या दरात हे सुख मोजता येत नाही.

दोनला निघालो. अफझलपूर, विजापूर, जमखंडी, मुधोळ, यरगट्टी. मुलाला गोलघुमट बघायचा होता, पण थांबलो नाही. चहाला दोनदा आणि जेवायला एकदा थांबून पावणेअकराला वडगावात. दारात पुन्हा मीटरचा फोटो. 917 किलोमीटर.

हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर पाच मिनिटांत संपला. 900 किलोमीटरचे 12,600, वरच्या 17 चे 238, बाटा 1,200, टोल 880, पार्किंग 210. एकूण 15,128. ॲडव्हान्स वजा जाता 12,128 दिले. माणशी अडीच हजारांच्या थोडं वर पडलं, लॉज आणि जेवण सोडून. टोलची रक्कम फास्टॅगच्या मेसेजवरून पडताळता येते, तसे मेसेज त्यांनी आपणहून पुढे पाठवले. काही जणांना वाटतं की वार्षिक फास्टॅग पास आल्यापासून टोल लागत नाही. तो ऑगस्ट 2025 पासूनचा पास फक्त खाजगी गाड्यांना आहे, पिवळ्या पाटीला नाही. त्यामुळे टॅक्सी केली की टोलचे पैसे धरायचेच. बिल मागून घेतलं. त्यावर गाडीचा नंबर, तारखा आणि किलोमीटर लिहिलेले आहेत. मामांना वेगळे 500 दिले, ते आमच्या मनाने.

आता मावशींनी पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायचं काढलं आहे. ती फेरी एका दिवसाची, जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटर. तिथे 14 रुपये आणि 300 मिनिमम म्हणजे 4,200, आणि गोवावेसवाल्याचे 15 रुपये आणि 250 मिनिमम म्हणजे 3,750. बाटा दोघांचाही सारखाच. तेव्हा या वेळी गोवावेसला फोन केला आहे, आणि परमिटच्या कागदाचा फोटो मागितला आहे.